ऐन सीझनला साईट झोपतेय, सिक्युरिटी प्लगिन असूनही बॉट थांबेनात

बागकर
नमस्कार मंडळी. देवगडला आमची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑर्डरसाठी वर्डप्रेस आणि वूकॉमर्सवर साईट केलीय, शेअर्ड होस्टिंगवर. एप्रिल-मेमध्ये सगळा धंदा तिच्यावरच. रविवारपासून रोज सकाळी दहाच्या सुमाराला 508 एरर (होस्टिंगची मर्यादा संपल्याची खूण) येऊन साईट बंद. होस्टिंगवाले म्हणतात, प्लॅन वाढवा. लॉग (सर्व्हरवरची भेटींची नोंद) उघडला, तर तासाभरात लॉगिनच्या पानावर चार हजारांच्या वर पोस्ट रिक्वेस्ट, म्हणजे लॉगिन करायचे प्रयत्न. वर्डफेन्स हे सिक्युरिटी प्लगिन टाकलं, भागेना म्हणून आणखी एक सिक्युरिटी प्लगिन टाकलं. आता साईट जास्तच जड झालीय. त्यात मुंबईच्या एका ताईंनी एका पेटीचे पैसे दोनदा भरले आणि माझ्याकडे ऑर्डर एकही नाही. फार जिवाला लागलंय. परदेशातले सगळे आयपी बंद करून टाकू का?

रात्रपाळी
दादा, दुसरं प्लगिन आधी काढा. दोन फायरवॉल एकत्र नांदत नाहीत.

प्लगिन म्हणजे पीएचपी, सर्व्हरवर चालणारा साईटचा कोड. बॉटला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमला) हाकलायचं तरी आधी पीएचपी चालू व्हावं लागतं, म्हणजे दर खेपेला तुमचाच सीपीयू खर्ची पडतो. पासवर्ड सुरक्षित राहतो, पण साईट झोपायची ती झोपतेच. वर्डफेन्स असू द्या, पण ही गर्दी सर्व्हरच्या अलीकडेच अडवा. क्लाउडफ्लेअर ही साईटच्या पुढे उभी राहून गर्दी गाळणारी सेवा आहे, डोमेन तिच्या फुकट प्लॅनवर घ्या आणि फक्त लॉगिनच्या पानाला मॅनेज्ड चॅलेंज (येणारा माणूस आहे की बॉट याची तपासणी) लावा. एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅपना वर्डप्रेसशी बोलायची वाट) लागत नसेल तर एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्येच बंद करा. जेटपॅक हे प्लगिन वापरत असाल तर मात्र राहू द्या, त्याला ती लागते.

त्या ताईंचं म्हणाल, तर पैसे जमा झाल्याचा निरोप पेमेंट गेटवेचा सर्व्हर तुमच्या साईटला देतो. तोही माणूस नव्हे, बॉटच. लॉगमध्ये वेबहुकच्या (त्या निरोपाच्या) ओळीपुढे 403, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा कोड, दिसतो का बघा. म्हणूनच क्लाउडफ्लेअरचा बॉट फाइट मोड (सगळ्या साईटवर बॉट अडवणारं बटण) लावू नका, कस्टम रूल लिहून त्यातून कोणाला सूट देता येत नाही. आणि परदेश बंद करून काय साधणार? असले बॉट भारतातल्या सर्व्हरवरूनही येतात.

सावंतवाडीकर
एक राहिलं. साईटच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह घालून ऑथर बरोबर 1 असं टाकून बघा. पुष्कळ साईटवर अ‍ॅड्रेस बारमध्ये लॉगिनचं नावच उघडं पडतं. मग बॉटला निम्मंच कोडं सोडवायचं उरतं. टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं लॉगिन) आजच चालू करा.

बागकर
दोघांचेही मनापासून आभार. ऑथरचं करून बघितलं, आमचं आडनाव समोर आलं आणि तेच माझं लॉगिन. काल रात्री नवं अ‍ॅडमिन खातं काढलं, जुनं उडवलं. परदेश बंद केला नाही ते बरं झालं, दुबईचे दोघेतिघे दरवर्षी गावच्या आईवडलांना पेटी पाठवतात.

403 होताच, अगदी दोन्ही वेळा, त्या दुसऱ्या प्लगिननेच दिलेला. ते काढलं, गेटवेच्या पॅनलमधून निरोप पुन्हा पाठवले, तशा दोन्ही ऑर्डरी समोर आल्या. ताईंना फोन केला. एका पेटीचे पैसे परत केले, दुसरी आज पहाटेच्या गाडीने गेली.