खुल्या कोळसा खाणीचा विस्तार : ज्यांची जमीन जात नाही त्यांनी जनसुनावणीत काय मागावे?

कपाशीचे_शेत

नमस्कार. वर्धा खोऱ्यातील आमच्या गावाजवळच्या खुल्या कोळसा खाणीच्या विस्तारासाठी जनसुनावणी जाहीर झाली असून, विस्तारानंतर खाणीची हद्द गावठाणाच्या बरीच जवळ येणार आहे. गावातील सर्व चर्चा मोबदला आणि नोकरी यांभोवतीच फिरते. ज्यांचा सातबारा जाणार आहे त्यांच्यासाठी ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्यांची जमीन जाणार नाही, ज्यांना खाणीच्या कडेलाच राहून शेती करायची आहे, अशांनी काय मांडावे हे कोणी सांगत नाही. विहिरी आताच उन्हाळा लागण्याआधी आटतात आणि ब्लास्टिंगच्या वेळी घरे हादरतात. सुनावणीसाठीच्या पर्यावरणीय परिणाम अहवालातील कोणते भाग आधी वाचावेत?

भूजल_अभ्यासक

सर्वप्रथम पाण्याचे प्रकरण वाचा. आपल्या खोऱ्यात कोळसा बराकर नावाच्या खडकथरांमध्ये आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर कामठी वालुकाश्म आहे, जो चांगले पाणी धरतो. खाण कोरडी ठेवण्यासाठी तळातून सतत उपसा करावा लागतो, त्यामुळे आजूबाजूच्या भूजलाचा उतार खाणीच्या दिशेने वळतो आणि खाण जितकी खोल जाईल तितका हा परिणाम दूरवर पोहोचतो. किती दूर, हे खडकाच्या पाणी वाहून नेण्याच्या क्षमतेवर आणि भेगांवर अवलंबून असते. म्हणून अहवालातील प्रभावक्षेत्राचा आकडा कोणत्या चाचण्यांवरून काढला, हे अवश्य विचारा.

माझा सर्वांत आग्रहाचा मुद्दा मात्र वेगळाच आहे. अशा अहवालांतील मूळ स्थितीची मोजणी सहसा पावसाळा वगळून एकाच हंगामाची असते. विस्तारापूर्वी तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती पाणी होते याची नोंद कोठेच नसेल, तर नंतर नुकसान सिद्ध करता येत नाही आणि दोष कमी पावसाच्या माथी मारला जातो. त्यामुळे प्रत्येक विहीर आणि बोअरची खोली, पाण्याची पातळी आणि पाण्याचा नमुना यांची नोंद ग्रामपंचायतीच्या उपस्थितीत, उपसा वाढण्याआधी करावी आणि तिची प्रत गावाकडे राहावी, असा ग्रामसभेचा ठराव करून तो सुनावणीत लेखी द्या. खाणीतील उपशासाठी केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या सप्टेंबर २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ना-हरकत प्रमाणपत्र लागते. ते आहे का आणि निरीक्षण विहिरी नेमक्या कोठे आहेत, हेही विचारा. सगळ्या निरीक्षण विहिरी खाणीच्या आवारातच असतील, तर गावाच्या बाजूला काय घडते ते कधीच दिसणार नाही.

निवृत्त_सर्व्हेअर

वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात ओबीची, म्हणजे कोळशावरील माती-दगडाची भर घालतो. खाण खोल गेली की प्रत्येक टन कोळशामागे काढावी लागणारी ओबी साधारणपणे वाढते, शिवाय फोडलेला खडक मूळ जागेपेक्षा अधिक जागा व्यापतो. म्हणून नकाशावर खाणीच्या खड्ड्याइतकेच बाहेरील ढिगाऱ्यांचे स्थान आणि अंतिम उंची पाहा. ढिगारा नाल्याजवळ येत असेल, तर पुराचे पाणी कोणत्या शेतांत वळेल याचा अभ्यास मागा. चंद्रपूरजवळ इरई नदीच्या काठावरील ढिगाऱ्यांबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत, तेव्हा हा प्रश्न काल्पनिक म्हणून कोणी टाळू शकणार नाही. वरची काळी माती वेगळी साठवली जाते की ओबीतच गाडली जाते, हेही जागेवर जाऊन पाहण्यासारखे आहे.

हादऱ्यांसाठी खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात मर्यादा आहेत. खाणमालकाच्या नसलेल्या घरांपाशी कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा कमी असल्यास कंपनाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. वारंवारता वाढली की मर्यादाही वाढते. मोजमाप गावातील घरांपाशी झाले पाहिजे, आणि भिंतींना आज असलेल्या भेगांची तारखेसह छायाचित्रे विस्ताराआधीच काढून ठेवली पाहिजेत.

ग्रामसभा_सदस्य

प्रक्रियेबद्दल थोडेसे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीची किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते. अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात पाहता येतो. त्याचा सारांश मराठीत मिळालाच पाहिजे. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, त्यामुळे घोषणांपेक्षा लेखी मुद्दे उपयोगी पडतात. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणे बंधनकारक आहे. आपला मुद्दा त्यात नसेल तर तेथेच हरकत नोंदवा.

विस्ताराच्या प्रकरणात जुन्या पर्यावरण मंजुरीच्या अटी पाळल्या की नाहीत, याचा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाने प्रमाणित केलेला अहवालही लागतो. कंपनीचे सहामाही अनुपालन अहवाल, म्हणजे या अटी पाळल्याचे तिचे स्वतःचे अहवाल, सार्वजनिक असतात. माझ्या मते तुमच्या हातातील सर्वांत भक्कम कागद हे सहामाही अहवालच आहेत, कारण वृक्षलागवड किंवा रस्त्यावर पाणी मारणे यांसारखे दावे गावकऱ्यांना प्रत्यक्ष पडताळता येतात.

कपाशीचे_शेत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विहिरींच्या नोंदीचा ठराव याच ग्रामसभेत मांडतो. एक शंका उरते : पाण्याची पातळी आम्ही स्वतः मोजली तर ती ग्राह्य धरतील का?

भूजल_अभ्यासक

केवळ तुमची वही दाखवली तर आक्षेप येईल. मोजणीच्या दिवशी तलाठ्यांना आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी निमंत्रण द्या व पंचनामा करा. कोणी आले नाही, तरी निमंत्रणाची पोच जपून ठेवा आणि मोजणी पुढे ढकलू नका.