फुगवटा कुठे आहे ते आधी बघा

फोटोतल्या बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीची नळी कशाने फुटली, या प्रश्नावर काडतुसात दारू जास्त झाली, असं वर दोघांनी ठामपणे लिहिलंय. पटत नाही. दाब वाढला तर नळी बहुधा मागे, काडतुसाच्या घरातच फाटते. फोटोत ती मधोमध फाटलीय, शेजारी अंगठीसारखा फुगवटा. म्हणजे आत काहीतरी अडकलं होतं.

आमच्या पाटणकडे पावसाळ्यात जुनं काडतूस ओल धरतं, बार फुसका जातो, बूच, म्हणजे दारू आणि छऱ्यांमधला बोळा, नळीतच राहतं, आणि डुक्कर समोर असल्यावर आत डोकावून बघतंय कोण! खुंटीवरच्या बंदुकीच्या नळीतलं कुंभारीण माशीचं मातीचं घर मी स्वतः गजाने खरवडून काढलंय. आणखी एक विचारा, घरात वीस बोअरची, म्हणजे बाराहून बारीक, काडतुसं होती का? तसलं काडतूस बारा बोअरच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बाराचं बिनबोभाट बसतं, आणि बार काढला की नळी फुटते. वीसचं काडतूस पिवळं करतात ते यासाठीच.