हायब्रिडचं अ‍ॅव्हरेज उजव्या पायावर आहे. पटतंय का बघा

गोडोलीकर, सातारा
दीड लिटर इंजिनाची स्ट्राँग हायब्रिड आहे माझी, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हीवर पळणारी. कागदावर अ‍ॅव्हरेज लिटरला 27.97 किलोमीटर. पहिले तीन महिने टाकी फुल्ल ते फुल्ल मोजलं, 19 च्या पुढं सरकेना. आता तीच गाडी 24 देते. बदलला तो माझा ब्रेक. आधी पोवई नाक्याची गर्दी समोर दिसत असली तरी शेवटपर्यंत रेस देत जायचो आणि मग कचकन दाबायचो. असा दाबला की बराचसा जोर डिस्क तापवण्यात जातो. आता लांबूनच पाय काढतो, ब्रेकवर नुसता टेकवतो. मोटरच जनरेटर होऊन बॅटरी भरते आणि पुढं राजवाड्याकडं जाताना बराच वेळ इंजिन बंद असतं. हायवेला 80. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, 100 ला तो 80 च्या दीडपट होतो. हायब्रिड घेऊन जुन्या सवयीनं चालवणं मला चुकीचंच वाटतं.

मिरजवाला
गावातलं मान्य, हायवेचं नाही. तुमच्याच आकड्यांनी 100 किलोमीटरला साधारण एक लिटर वाचतं. त्यासाठी 80 नं जायचं म्हणजे डाव्या लेनला ट्रकच्या मागं नाहीतर उजव्या लेनला लोकांच्या शिव्या खात. महिन्यातून चारदा पुण्याला जातो, घरी पोरं वाट बघत असतात. तो वेळ मी लिटरभर पेट्रोलला विकणार नाही. आणि सांगली-मिरज रोज दहा किलोमीटर. सकाळी इंजिन गरम व्हायलाच निम्मा रस्ता जातो. तिथं पाय कितीही हलका ठेवा, माझं 20 च्या वर जात नाही.

कृष्णाकाठ, वाळवा
मिरजवाले, ऊस सुरू झाला की आमच्याकडं या. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढं, ओव्हरटेकला जागा नाही. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये जीव नकोसा व्हायचा. आता वीसच्या स्पीडनं बॅटरीवर गुपचूप मागं चालतो. टायरची हवा दर पंधरा दिवसांनी बघतो, त्याचाही फरक आहे.

वाईची सून
माझा विरोध वेगळा आहे. मीटरवरची ती चार्जची पट्टी. पसरणी घाट उतरताना ती पूर्ण भरते का बघत होते, वळणावर एसटी समोर आली. अंतर हातभर राहिलं. पोरगी मागं झोपलेली. त्या दिवसापासून घाटात अ‍ॅव्हरेज हा विषयच बंद. आणि आमचे मामंजी अजून उताराला गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. त्यांना काय सांगायचं?

गोडोलीकर, सातारा
ताई, वाचून पोटात गोळा आला. घाटात नजर रस्त्यावरच, यात वाद नाही. आणि पट्टी बघायची गरजही नाही. पाचगणी वाईपेक्षा साडेपाचशे मीटरच्या वर आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी तेवढी खाली येताना दोन युनिटांच्या वर वीज होईल इतका जोर असतो, आणि आपली बॅटरी पाऊण युनिटाची. काही जोर हवा आणि टायर खातात, तरी ती खाली पोचायच्या आधीच भरते. मग इंजिन मोठ्यानं फिरायला लागतं. पेट्रोल जळत नसतं, ते गाडी रोखून धरत असतं. उताराला आधीच गिअरच्या दांड्यावरच्या बी वर टाकायची, त्यात इंजिन गाडी रोखायला मदत करतं, ब्रेक कमी तापतात.
मामंजींना सांगा, हायब्रिड न्यूट्रलला टाकली की बॅटरी भरायचीच थांबते. म्हणजे बचत तर नाहीच, वर गाडी नुसत्या ब्रेकवर. कुठल्याच गाडीत घाटात हे करू नये.
मिरजवाले, छोट्या फेऱ्यांचं तुमचं खरं आहे. एका वेळी निघून दोन-तीन कामं उरकली तर इंजिन एकदाच गरम करावं लागतं. पण 80 वर मी ठाम. आनेवाडी टोलनाक्याला मला मागं टाकून गेलेली गाडी खंबाटकीच्या बोगद्याआधी बरेचदा परत शेजारी दिसते.

मिरजवाला
बोगद्याआधी दिसत असेल. शिरवळच्या पुढं दिसते का? मी 95 वर येतो, त्याखाली नाही. फेऱ्या एकत्र करून बघतो मात्र, ते पटलं.

वाईची सून
बी चं आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. गाडी देताना शोरूमवाल्यांनी गाणी कशी लावायची ते दाखवलं. रविवारी पाचगणीला जायचंय, मामंजींना शेजारी बसवून उतरते.