इचटकनीच्या झऱ्यांबद्दल थोडी भर

फ्लोरिडातल्या इचटकनी या झऱ्यांच्या नदीत लोक हवा भरलेल्या ट्यूबवर बसून प्रवाहासोबत वाहत जातात. ऑगस्टमध्येसुद्धा तिचं पाणी एवढं गार कसं, असं एकाने विचारलंय. पाणी पावसाचंच, पण चुनखडीतल्या भेगा-पोकळ्यांतून जमिनीखाली बराच काळ मुरून वर येतं. म्हणून बारा महिने सुमारे 22 अंश सेल्सिअस. पहिली दहा मिनिटं झकास वाटतं. तासाभराने मुलं कुडकुडायला लागतात, कारण पाण्यात अंगाची ऊब हवेपेक्षा कितीतरी भरभर जाते. पूर्ण बाह्यांचा पोहायचा शर्ट घाला आणि तळ बंद असलेली ट्यूब घ्या, म्हणजे बूड सतत पाण्यात राहत नाही.

ट्यूब उन्हात टम्म फुगवली की थंड पाण्यात आतली हवा आकसून ती मऊ पडते. भोक पडलं म्हणून घाबरू नका. खरी फुटायची भीती फुगवलेली ट्यूब तापलेल्या गाडीत ठेवली तर.

ब्लू होल या इथल्या झऱ्याच्या तोंडाशी पाण्याचा जोर असा की बुडी मारणाऱ्याला ते वर ढकलतं. खालची गुहा प्रशिक्षित पाणबुड्यांचीच. हौशी माणसाने डोकावूही नये.

आणि उथळ जागी उभे राहू नका, हे नाटक नाही. पायाखाली पाणगवत उपटतं, गाळ उठून मागच्यांना तळ दिसेनासा होतो. खतं आणि सेप्टिक टाक्यांमधल्या नायट्रेटमुळे शेवाळ आधीच फोफावतंय. प्लॅस्टिकच्या बाटल्या, खाऊची पाकिटं नदीत न्यायला बंदी आहे, तेव्हा डबा काठावरच उघडा.