मदत हवी आहे: नदीकाठच्या नव्या वाटेने पुराची पातळी किती वाढेल, हे कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. घर रत्नागिरी जिल्ह्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आता काठाने सहाशे मीटरची फिरायची वाट होऊ घातलीय. तीन मीटर रुंद, बाजूला चिऱ्याची भिंत, सव्वा मीटर भराव, वर पेव्हर ब्लॉक नि रेलिंग. ग्रामसभेत पुराचं विचारलं, तर म्हणे, "सगळं निळ्या रेषेबाहेर आहे." निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. काठाला चिकटलेली वाट तिच्या बाहेर कशी, हे मला तरी कळलं नाही.

२२ जुलै २०२१ला, चिपळूण बुडालं त्या दिवशी, आमच्या ओटीवर कमरेइतकं पाणी होतं. चिखलाची रेघ अजून भिंतीवर आहे. नंतर रंग काढला तेव्हा आईने तेवढी पट्टी सोडायला लावली.

मी सिव्हिल डिप्लोमावाला, पण जन्म गेला स्लॅब ओतण्यात. हेक-रास, म्हणजे पुराच्या पाण्याचं मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं म्हणून उतरवलंय. हाताने हिशेब केला तो असा: पुलापाशी पात्र ८० मीटर, पुरात सरासरी खोली ५ मीटर, म्हणजे ४०० चौरस मीटर. भराव खातो ३.७५. एक टक्कासुद्धा नाही! मग मी उगाच बोंब मारतोय का? जमिनीच्या उंचीसाठी उपग्रहाचा, दर ३० मीटरला एक आकडा देणारा डेटा चालेल का? आणि खाली खाडीची भरती कशी धरायची?

प्रतिसाद १
बोंब बरोबर आहे, हिशेब चुकीच्या जागी केलात. पुलापाशी नको, जिथे पूर काठ ओलांडून मळ्यात शिरतो तिथला छेद, म्हणजे काठापासून काठापर्यंतचा आडवा काप, घ्या. तिथे तुमची वाट ही वाट नाही, बांध आहे. मळ्यात पसरणारं पाणी पात्रातच कोंडलं, तर समोरच्या काठाची पातळी चढते. आणि बांधावरून एकदा आत आलेलं पाणी ओसरताना अडकतं. रेलिंगला बांबू, झावळ्या, प्लॅस्टिक अडकलं की तीही भिंतच समजा.

उपग्रहाच्या उंचीत काही मीटरची चूक असते. सव्वा मीटरचा भराव त्यात दिसणारच नाही. ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) भाड्याने आणा, दर पन्नास मीटरवर छेद घ्या. मॉडेल आधी आजच्या पात्रावर चालवा, ओटीवरची रेघ जुळते का बघा. मॅनिंगचा एन, म्हणजे पात्राच्या खडबडीतपणाचा आकडा, साफ पात्राला ०.०३च्या आसपास, दाट झुडपांत ०.१पर्यंत जातो. मग विसर्ग तोच, खालची पातळी तीच, फक्त भराव घालून पुन्हा चालवा. दोन पातळ्यांतला फरक हेच तुमचं उत्तर.

भरतीसाठी अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची पातळी घ्या. पण भरतीच्या तक्त्यातलं शून्य हे समुद्रसपाटीचं शून्य नव्हे. दोन्ही एका पातळीवर आणल्याशिवाय आकडे भरू नका, मी स्वतः एकदा तोंडघशी पडलोय.

वाटेखालून किती पऱ्ये (ओहोळ) येतात?

मूळ धागाकर्ता
खूप आभार दादा. आत्ताच मोजून आलो. पऱ्ये तीन, नकाशात पाइप दोनच. तिसरा आमच्या परसाकडचा. रविवारी छेद घेतोय, स्टाफ (मोजायची उभी पट्टी) धरायला चिपळूण-खेडकडचं कोणी येईल का? जेवण आमच्याकडे.