मैत्रिणीच्या घरी बोटॉक्स: जावं की नको? (एडिसन, न्यू जर्सी)

आंबेमोहर:
मंडळी, वय ४७. दोन भुवयांच्या मधे उभ्या रेघा पडल्यात. मी शांत बसलेली असते आणि मीटिंगमधले लोक विचारतात, "चिडलीस का?" येत्या शनिवारी एका मैत्रिणीकडे दहा-बारा जणी जमणार आहोत, एक बाई येऊन बोटॉक्स (जिवाणूच्या विषापासून केलेलं, रेघा घालवायचं इंजेक्शन) देणार आहे. युनिटला, म्हणजे औषधाच्या एका मापाला, ६ डॉलर, क्लिनिकपेक्षा बरंच स्वस्त. नवरा म्हणतो, पैसे देऊन विष कशाला टोचून घ्यायचं? त्याचं सोडा. साइड इफेक्ट काय होतात आणि किती दिवस टिकतात, हे घेतलेल्यांकडून हवंय. मायग्रेन आहे, अधूनमधून गोळी घेते. बाकी काही नाही.

निवडुंग:
पुण्यात दोनदा घेतलंय. पहिल्यांदा मस्त. दुसऱ्यांदा सहाव्या दिवशी सकाळी आरशात पाहते तर डावी पापणी अर्धी मिटलेली! सासूबाईंना वाटलं लकवा मारला, त्या देवघरात जाऊन बसल्या. पाच आठवडे ऑफिसात गॉगल लावून वावरले. डॉक्टरांनी डोळ्यांत घालायचे थेंब दिले, त्याने थोडी उचलायची, पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आपोआप बरी झाली. डॉक्टर चांगले होते, तरी झालं, एवढंच सांगते.

नेत्रपल्लवी:
मी नेत्रतज्ज्ञ आहे. हे औषध मुळात आमच्याकडचं. अमेरिकेत १९८९ मध्ये तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी मान्यता मिळाली. व्हँकुव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करदर्स यांच्या लक्षात आलं की अशा रुग्णांच्या कपाळावरच्या आठ्याही जातात. सौंदर्यासाठी मान्यता आली ती २००२ मध्ये.

नसेकडून स्नायूला जाणारा निरोप ते अडवतं, म्हणून स्नायू सैल पडतो. परिणाम तीन-चार दिवसांत दिसू लागतो आणि तीन-चार महिने टिकतो. डोकं दुखणं, टोचल्या जागी काळंनिळं होणं हे किरकोळ. निवडुंग यांचं झालं तसं भुवयांमधल्या इंजेक्शनच्या चाचण्यांत शंभरात साधारण तिघांचं झालं होतं. औषध खाली झिरपून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचतं. थेंब दुसऱ्याच एका छोट्या स्नायूला चालना देतात, त्यामुळे पापणी जेमतेम एक-दोन मिलिमीटर वर येते. फिलर, म्हणजे खळगे भरायचं इंजेक्शन, विरघळवता येतं (हायल्युरोनिक आम्लाचं असेल तर), बोटॉक्स नाही. उतरेपर्यंत वाट पाहायची.

कपाळाच्या आडव्या रेघांबद्दल कोणी बोलत नाही. ज्यांच्या पापण्या आधीच जड असतात ते नकळत कपाळाने भुवया उचलून धरतात. ते कपाळच सैल केलं की भुवया डोळ्यांवर येऊन बसतात. म्हणून आधी नीट तपासणारा माणूस हवा.

गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, मायस्थेनिया (स्नायू दुबळे पडण्याचा आजार) असलेल्या बायकांनी घेऊ नये. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक औषधं चालू असतील तर आधी सांगावं. आणि नंतर कधीही, अगदी काही आठवड्यांनीसुद्धा, गिळायला त्रास, आवाज बदलणं, एकाचे दोन दिसणं, धाप लागणं असं काही झालं तर घरी थांबू नये. चेहऱ्याच्या नेहमीच्या डोसमध्ये हे फार दुर्मिळ आहे, पण बाटली खरी असेल तर.

कट्ट्यावरचा_काका:
आमची ही रात्री चेहऱ्याला साय लावते. साइड इफेक्ट एकच, मांजर जवळ येतं.

जर्सीकर:
काका 😀

आंबेमोहर, बाटलीचा मुद्दा गंभीर आहे. एप्रिल २०२४ मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) जाहीर केलं होतं: ११ राज्यांत २२ बायकांना अशा इंजेक्शननंतर त्रास झाला, त्यातल्या ११ जणी रुग्णालयात. आपलं न्यू जर्सी त्या ११ मध्ये होतं. सगळ्यांनी एक तर लायसन्स किंवा प्रशिक्षण नसलेल्या माणसाकडून, नाहीतर घरी, स्पामध्ये घेतलं होतं. नकली माल सापडला त्याच्या खोक्यावर १५० युनिट छापलेलं होतं. खरी कंपनी त्या मापाची बाटलीच काढत नाही, ५०, १०० आणि २०० असते. बाईचं लायसन्स राज्याच्या साइटवर नाव टाकून बघा आणि बाटलीचा फोटो मागा.

आंबेमोहर:
मागितला. म्हणाली, "मी सिरिंज भरूनच आणते, बाटलीचं टेन्शन घेऊ नका." लायसन्सचं विचारलं तर मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही.

नेत्रपल्लवी:
भरलेल्या सिरिंजमध्ये कुठलं औषध, किती सलाईनमध्ये कालवलंय, हे मलाही बघून सांगता येणार नाही. एका ब्रँडचं युनिट दुसऱ्याच्या युनिटाएवढं नसतं, म्हणजे ६ डॉलर नक्की कशाचे? कालवल्यावर २ ते ८ अंश तापमानात ठेवून २४ तासांत संपवायचं असतं. भुवयांमधल्या रेघांना बोटॉक्सचे नेहमीचे २० युनिट, पाच ठिकाणी चार-चार. दहा-बारा जणींना एका दुपारी, डिकीतल्या डब्यातून? मी नसते गेले.

आंबेमोहर:
रद्द केलं. मैत्रीण फुगलीये, यंदा हळदीकुंकवाचं बोलावणं बहुधा नाही. त्वचारोगतज्ज्ञाची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. मायग्रेनवरही बोटॉक्स देतात असं ऐकलं, मग विम्यातून कपाळ होऊन जाईल का?

नेत्रपल्लवी:
देतात, पण महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस डोकं दुखणाऱ्यांना. १५५ युनिट, ३१ ठिकाणी, मानेतसुद्धा. तुमचं अधूनमधून दुखतं म्हणता, विमावाले हसतील.