वाद घालायला आवडतं म्हणून वकिली?

नामानिराळा:
"आमची पोर वादात कुणाला हार जात नाही, तिला वकीलच करणार." हे ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते. मी दिवाणी बाजूला वकिली करतो. घरात आवाज चढवला की समोरचा कंटाळून गप्प बसतो, कोर्टात न्यायाधीश कंटाळले तर नुकसान अशिलाचं. कामाचा मोठा भाग वाचण्यात जातो: करार, पत्रव्यवहार, हिशेब, जुने निकाल. उलटतपासणीतलं कसब तर कुठला प्रश्न विचारायचा नाही हे कळण्यात आहे. वादाची खुमखुमी असलेला नेमका तोच एक जादा प्रश्न विचारतो आणि साक्षीदार त्याची केस बुडवून मोकळा होतो. आणखी कुठली चुकीची कारणं तुमच्या पाहण्यात आहेत?

तिरकी रेघ:
सिनेमे! तिथे साक्षीदार पिंजऱ्यात रडत कबुली देतो. प्रत्यक्षात कितीतरी दिवाणी दावे तडजोडीत मिटतात. अमेरिकेत फौजदारी शिक्षांपैकी ९० टक्क्यांहून जास्त आरोपीने गुन्हा कबूल केल्यामुळे होतात, खटला उभाच राहत नाही. भाषण ठोकायला उभं राहणार कधी?

आडवाट:
असहमत. कारण चुकीचं म्हणून माणूस चुकीचा ठरत नाही. गांधीजी बॅरिस्टर व्हायला का गेले? कुटुंबाच्या एका स्नेह्यांनी सुचवलं की वडिलांची दिवाणगिरी, म्हणजे संस्थानाचं प्रधानपद, पुढे चालवायची तर विलायतेहून बॅरिस्टर होऊन येणं सोपं. स्वतः गांधीजींना डॉक्टरकी हवी होती, ती घरच्यांना नको होती. म्हणजे पदाचा मोह आणि घरच्यांची इच्छा, दोन्ही "चुकीची" कारणं. तरी पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

नामानिराळा:
उदाहरण माझ्याच बाजूचं दिलंत. मुंबईतल्या पहिल्या खटल्यात ते उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. फी परत करून केस दुसऱ्या वकिलाकडे द्यायला सांगितलं. मग १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत दादा अब्दुल्लांच्या दाव्यासाठी हिशेब कसे ठेवतात ते पुस्तकातून शिकले, कागद पिंजून काढले आणि दोन्ही बाजूंना लवादाकडे नेलं. निकाल अशिलाच्या बाजूने लागला, तरी हरलेल्याचं दिवाळं निघू नये म्हणून हप्ते बांधून दिले. वाद घालण्याची हौस यात कुठे दिसते?

आडवाट:
पण दिवाणगिरीच्या आशेने गेले नसते तर ते हिशेब वाचायला पोचलेच नसते, हे तुम्ही सोयीस्करपणे वगळताय. विशीच्या आतलं पोर या व्यवसायाबद्दल जाणणार तरी काय? कुठलंतरी अर्धवट कारण घेऊनच ते आत येणार.

कोरा कागद:
मी कायद्याचा विद्यार्थी. मला दुर्बळांना न्याय मिळवून द्यायचाय. हेही चुकीचंच का?

तिरकी रेघ:
कारण चांगलं आहे, पण अपुरं. १७७० मध्ये बॉस्टनला ब्रिटिश सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, माणसं मेली. त्या सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन अ‍ॅडम्सनी, जे स्वतः ब्रिटिश धोरणाचे विरोधक होते. आठपैकी सहा सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवध ठरला. गाव ज्याच्यावर थुंकतंय त्याच्या शेजारी उभं राहायची तयारी आहे?

कोरा कागद:
ज्याने खरंच गोळी झाडली, त्याच्यासाठी? प्रामाणिकपणे सांगतो, नाही.

रोखठोक:
मग कंपन्यांचे करार लिही बाबा, कोर्टाची पायरी न चढताही वकिली होते. मी पैशासाठीच आलो आणि लाज वाटत नाही. फसतात ते पैसा पहिल्याच वर्षी येईल असं समजणारे. सुरुवातीला ज्येष्ठांच्या फायली उचलाव्या लागतात आणि मोबदला नावापुरता.

आडवाट:
@नामानिराळा, तुम्ही स्वतः कशाला आलात ते अजून सांगितलं नाहीत.

नामानिराळा:
वडील वकील होते, कपाटभर पुस्तकं आयती होती. हसा आता.

आडवाट:
हसत नाही. हेच तर म्हणतोय मघापासून.